मदत हवी आहे: आखाजीला सगळं घर मिळून खेळेल असा एस्केप रूमचा पत्त्यांचा डाव सुचवा

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणार आहे, अमळनेर तालुक्यात. आम्ही बहिणी, आत्या, भावाची मुलं, जावई मंडळी असं सगळं गोकुळ जमतं. सकाळ गौराई, झोके आणि पुरणपोळीत जाते. प्रश्न दुपारचा आहे. बाहेर ४३-४४ अंश, अकरानंतर दार उघडायची सोय नाही, आणि ऊन उतरेपर्यंत माजघरात आठ-दहा माणसं. पुरुष मंडळी गावातल्या डावावर जाऊन बसतात (आखाजीचे पत्ते खानदेशात कुणाला समजावून सांगायला नकोत), पोरं मोबाईलमध्ये, आणि आम्ही बायका गेल्या वर्षीच्याच लग्नांची पुन्हा चर्चा करतो.

यावर उपाय म्हणून धाकट्या बहिणीने मागे एक इंग्रजी डबा आणला होता. आपण सगळे एका खोलीत अडकलोय, कार्डांवरची कोडी सोडवत तासाभरात बाहेर पडायचं, जिंकलो तर सगळे आणि हरलो तरी सगळे. कल्पना मला फार आवडली. पण झालं असं की मोठ्या दाजींनी सगळी कार्डं स्वतःपुढे ओढली आणि तोंडातल्या तोंडात वाचत, सोडवत सुटले. दाजी हुशार आहेत, प्रश्नच नाही. भाचा त्यांच्या खांद्यावरून बघत राहिला. वहिनी चहा टाकायला उठली ती परत आलीच नाही. आणि आजीने शेवटी विचारलं, "हाई पत्ता शेतस का परीक्षा शे?"

आता सांगा, आखाजीला घरी आलेल्या जावयाला 'जरा थांबा' कोण म्हणणार?

यंदा पुन्हा प्रयत्न करायचा आहे. माणसं अशी: आजी, वय ऐंशीच्या पुढे, अहिराणी आणि मराठी, इंग्रजी अजिबात नाही, पण स्मरणशक्ती आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. आत्या, जिला टीव्हीवरचे खुनाचे कार्यक्रम तोंडपाठ आहेत. वहिनी, आम्ही दोघी बहिणी, दाजी. भाचा पाचवीत, मराठी माध्यम. भाची नववीत, सेमी-इंग्रजी. दुपारी लाईट जाते आणि रेंज ओसरीवर गेल्याशिवाय मिळत नाही.

शक्य असेल तर डबा एकदा खेळून वाया जाऊ नये, कारण तो पुढे शहाद्याला नणंदेकडे द्यायचा आहे. आणि हो, आजीच्या मते पत्ते म्हणजे जुगार. राजा-राणी-गुलाम दिसले की ती उठून जाते. या कार्डांवर तसली चित्रं नसतात, तेवढं बरं आहे.

कोणता डबा घेऊ? इंग्रजीचं काय करू? दाजींचं काय करू?

भुसावळ_यार्ड

तिसऱ्या प्रश्नासाठी आलो आहे. बाकीचं जाणकार सांगतील.

रावेरची_केळी

ताई, आमच्याकडे हे खेळ बरेच चालतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाजारात या प्रकारात तीन घराणी ठळक आहेत. पहिलं 'एक्झिट'. जर्मनीच्या कोसमॉस कंपनीचं, इन्का आणि मार्कुस ब्रांड या जोडप्याने केलेलं. २०१७ साली त्याला जर्मनीतला जाणत्या खेळाडूंसाठीचा वर्षातला सर्वोत्तम खेळ हा मान मिळाला. यात कार्डं कापायची, दुमडायची, त्यावर लिहायचं. तीन आकडी उत्तर निघालं की एक गोल चकती फिरवून ते बरोबर की चूक हे कळतं. कोडी भन्नाट असतात, पण डबा एकदाच चालतो. आणि बहुतेक डबे चार जणांपर्यंतच आहेत. तुमच्या माजघराला पुरणार नाही, शहाद्यालाही जाणार नाही. काही जण कापायची पानं आधी रंगीत झेरॉक्स करून घेतात. सगळ्याच कोड्यांना ते लागू पडत नाही, त्यामुळे मी तरी त्यावर विसंबून डबा घ्यायला सांगणार नाही.

दुसरं 'अनलॉक', फ्रान्सच्या स्पेस काउबॉइजचं. ६० कार्डांचा एक डाव. लाल आकड्याची वस्तू आणि निळ्या आकड्याची वस्तू एकत्र वापरायची असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज करायची आणि त्या नंबरचं कार्ड उचलायचं. समजा किल्ली ११ आणि पेटी ३५, तर ४६ नंबरचं कार्ड. चुकीची जोडी लावली तर वेळ कापला जातो. चित्रांमध्ये बारीक आकडे लपवलेले असतात, आणि ते शोधायला लहान मुलांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले. काही फाडावं लागत नाही, त्यामुळे पुढे देता येतं. अडचण एकच: मोबाईलवर त्यांचं अ‍ॅप लागतंच. घड्याळ, चार आकडी कोड, इशारे, सगळं त्यात. अमळनेरला पोचण्याआधी, जिथे नेट चांगलं आहे तिथेच सगळं उतरवून आणि एकदा उघडून बघा. मोबाईल खेळात असला की मुलं त्याच मोबाईलकडे पुन्हा वळतात, हेही आहेच.

तिसरं 'डेकस्केप', इटलीचं. तुमच्यासाठी माझं मत याला. ६० मोठी कार्डं, अ‍ॅप नाही, कापाकापी नाही, सहा जणांपर्यंत. कार्ड वाचा, सगळे मिळून उत्तर ठरवा, कार्ड उलटा, मागे उत्तर. चुकलं तर कागदावर एक फुली. घड्याळ घरातलं चालतं. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की थोडं पुढे गेल्यावर गठ्ठा वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या गठ्ठ्यांत विभागला जातो. म्हणजे आत्या आणि भाची एक रंग घेऊन कोपऱ्यात, वहिनी आणि भाचा दुसरा रंग घेऊन पाळण्यापाशी. दाजी एका वेळी एकाच गठ्ठ्यावर बसू शकतात. कोडी 'एक्झिट'इतकी कल्पक नसतात आणि मधेमधे एखादं फारच सोपं येतं. पण वहिनी चहाला उठणार नाही याची शक्यता जास्त.

शिरपूर_चोपडा_रोड

एवढा खटाटोप कशाला? मेंढीकोट खेळा. चार जणं, भिडू समोरासमोर, आपोआप मिळून खेळणं होतं. परदेशी डब्यांवर पैसे कशाला घालायचे?

रावेरची_केळी

दादा, मेंढीकोटात दोन बाजू असतात आणि आजीला राजा-राणी चालत नाहीत, ताईंनी वरच लिहिलंय. तरी तुमच्या बोलण्यात एक मुद्दा आहे. ज्या घरात मेंढीकोट येतं तिथे 'द क्रू' हा खेळ लगेच समजतो. हातच करायचे असतात, हुकूमही असतो, पण सगळे एका बाजूचे. कोणतं पान कोणी हात करून जिंकायचं हे आधी ठरलेलं असतं आणि पत्त्यांबद्दल बोलायला जवळजवळ बंदी. पत्त्यांवर फक्त रंग आणि आकडे, इंग्रजी नाही. मात्र पाच जणांपर्यंतच, आणि ते रहस्य नव्हे. तो रात्री गच्चीवर काढा.

भुसावळ_यार्ड

आता दाजींबद्दल. हा रोग जगभर आहे, फक्त आपल्याकडे त्याला जावयाचा मान जोडला जातो. मिळून खेळायच्या कुठल्याही खेळात सगळी माहिती टेबलावर उघडी असली की एक जण सगळ्यांच्या वतीने खेळायला लागतो. माणूस वाईट नसतो, खेळाची रचना त्याला तशी मुभा देते. म्हणून माणसाला बोलू नका, मुभा काढून घ्या.

आमच्या घरचा नियम सांगतो. कार्ड उघडलं की ते कुणाच्या तरी हातात जातं आणि त्याच्याच हातात राहतं. बाकीच्यांनी ते हिसकायचं नाही, वाकून बघायचं नाही. ज्याच्या हातात कार्ड, त्याने त्यावर काय आहे ते तोंडाने सांगायचं. 'डावीकडे तीन पक्षी आहेत, मधला उलटा उडतोय.' बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. वेळ जास्त लागतो, त्यामुळे तासाचं बंधन सोडून द्या. पण प्रत्येकाला तोंड उघडावं लागतं, आणि चित्राचं वर्णन करताना पोरं जे बारकावे सांगतात ते मोठ्यांच्या लक्षातच आलेले नसतात.

फैजपूर_लेवा

मी उलटं करेन. दाजींना मान द्या! त्यांना सूत्रधार करा. डबा त्यांच्या हाती, इंग्रजी तेच वाचणार आणि मराठीत सांगणार, घड्याळ तेच बघणार, इशारा द्यायचा की नाही तेच ठरवणार. फक्त उत्तर सांगायचं नाही. इंग्रजीचा प्रश्न आणि दाजींचा प्रश्न एका दगडात. हुशार माणसाला इतरांना चाचपडताना बघायला मजा येते, आणि 'अजून थोडा विचार करा' म्हणायला तर फारच.

यासाठी त्यांनी डबा आधी एकटं बसून पूर्ण सोडवलेला हवा. तेव्हाच त्यांना कळेल की कुठलं कोडं इंग्रजी अक्षरांवर बेतलेलं आहे. शब्द उलटा वाचायचा, शब्दातली अक्षरं मोजायची, अशी कोडी मराठीत सांगितली की मरतात. तेवढी त्यांनी बाजूला काढावीत किंवा भाचीकडे सोपवावीत. चित्रांची, आकड्यांची, नकाशांची कोडी भाषेवाचून चालतात.

आणखी एक सुचवतो. 'मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी' बघा. २०२१ चा जर्मनीतला वर्षातला सर्वोत्तम खेळ. ७५ बाय ११० सेंटीमीटरचा काळा-पांढरा शहराचा नकाशा, त्यात शेकडो बारीक माणसं, सोबत भिंग. गुन्हा सांगितला जातो, आणि एकाच माणसाची चित्रं नकाशात ठिकठिकाणी असतात. त्याचा माग काढत मागे मागे जायचं: खून व्हायच्या आधी हा कुठे होता, त्याच्या मागे कोण चालत होतं. १६ प्रकरणं आहेत. प्रश्नांची कार्डं इंग्रजीत, पण एक-दोन ओळींची. नकाशा सतरंजीवर पसरला की आजीसुद्धा बोट ठेवून 'हा बघ इथे' म्हणेल. आत्याबाईंसाठी तर खास. डब्यावर चार खेळाडू लिहिलंय, ते फार मनावर घेऊ नका, मात्र नकाशाभोवती डोकी आपटतात. प्रकरणांत खून, चोरी, लफडी सगळं आहे. पाचवीतल्या मुलासाठी प्रकरण आधी बघून निवडा.

पाटणादेवी_पायथा

शिक्षक आहे, चाळीसगावकडचा. वर सगळ्यांनी आजीला खेळात कसं सामावून घ्यायचं ते सांगितलं. मी म्हणतो, आजीशिवाय सुटणारच नाही असा खेळ घरी करा. विकतच्या डब्यात ते कधीच मिळणार नाही.

लागेल ते सामान: कोरी पोस्टकार्ड किंवा जाड कागद, बॅगेला लावतात ते आकड्यांचं कुलूप, एक पत्र्याची पेटी. कुलूप चार आकडी घ्या. तीन आकडी कुलपाच्या एकूण १००० जोड्या, एकेकीला २ सेकंद धरले तरी ३३ मिनिटांत सगळ्या फिरवून होतात. पाचवीतला मुलगा कोडं सोडवण्यापेक्षा तेच करेल, माझ्या वर्गात केलंय. चार आकड्यांना १०,००० जोड्या आहेत, तिथे कंटाळतात.

आता कोड. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष आकड्यांत लिहिलं नाही, शब्दांत लिहिलं: रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. आणि वाचायचं उजवीकडून. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. ही पद्धत भूतसंख्या म्हणून ओळखली जाते. नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, ऋषी सात, वसू आठ, ग्रह नऊ. यातलं बरंचसं तुमच्या आजीला विचारल्याबरोबर सांगता येईल आणि नववीतल्या भाचीला येणार नाही. कार्डावर चार चित्रं काढा, खाली फक्त एक डावीकडे जाणारा बाण. तो बाण ज्याच्या लक्षात येणार नाही तो ६३०१ फिरवत बसेल.

त्याच धर्तीवर मराठी महिन्यांचा क्रम. 'मार्गशीर्ष, श्रावण, फाल्गुन' म्हणजे ९, ५, १२. मुलांना जानेवारी-फेब्रुवारी येतं, श्रावण कितवा ते बोटं मोजूनही चुकतं. आणे-पैसेही आहेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. एका जुन्या उधारीच्या वहीचं पान तयार करा, बेरीज आण्यांत. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा आजी शाळकरी वयाच्या असतील, जुना हिशोब त्यांना नक्की आठवेल.

कोडी लपवायला घरातल्याच वस्तू वापरा. जुनी लग्नपत्रिका घ्या, तेवढ्याच आकाराच्या कागदाला नेमक्या जागी भोकं पाडा. कागद पत्रिकेवर ठेवला की 'आपले', 'नम्र', 'स्थळ' यांच्यामधून वेगळंच वाक्य दिसतं. युरोपात हीच युक्ती सोळाव्या शतकात कार्दानोच्या नावाने प्रसिद्ध झाली. दुसरं, फिक्या निळ्या पेन्सिलीने आकडा लिहून त्यावर लाल पेनाने भरपूर गिरवा. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही, पण सजावटीचा लाल जिलेटीन कागद वर धरला की लाल रेघा विरतात आणि निळा आकडा काळपट दिसतो. लिंबाच्या रसाने लिहून इस्त्रीने उमटवणं सगळ्यांना माहीत असतं, शिवाय दुपारी लाईट नसते, म्हणून ते सोडा.

रचनेबद्दल एकच आग्रह. कोडी एकामागे एक अशी ओळीत लावू नका. सुरुवातीलाच तीन पाकिटं उघडी ठेवा, प्रत्येकातून एक आकडा. तिन्ही पाकिटं तीन टोळ्यांकडे. चौथा आकडा तिघांची माहिती एकत्र आल्याशिवाय सापडणार नाही असा करा. आठ माणसं एका कोड्यावर बसली की दोघे सोडवतात आणि सहा जण वारा घेतात.

इशाऱ्यांची पद्धत मात्र 'एक्झिट'मधून सरळ उचला. प्रत्येक कोड्याला तीन इशारे: पहिला सांगतो कोणत्या वस्तू हाताशी हव्यात, दुसरा वाट दाखवतो, तिसरा उत्तर देतो. हे लिहून ठेवलं नाही तर सूत्रधार तोंडाने जास्तच सांगून जातो. आणि खेळात नसलेल्या कुणाकडून आधी एकदा सोडवून घ्या. कोडं करणाऱ्याला आपलं कोडं नेहमीच सोपं वाटतं.

बोरीकाठ

सर, बाण डावीकडे! मी आत्ताच आईला फोन करून विचारलं, वसू किती. तिला नाही आलं. मागून आजीचा आवाज आला, 'आठ'. काय चाललंय ते तिला सांगितलेलं नाही.

ठरलं ते असं. डेकस्केप घेते, दाजींना आजच निरोप दिलाय, की तुम्हीच सूत्रधार. (फैजपूरकर, त्यांनी लगेच होकार दिला आणि खेळाची नियमावली मागितली.) कार्ड हातात ठेवायचा नियमही लावणार, कारण आत्या दाजींपेक्षा काही कमी नाही, फक्त इंग्रजीमुळे गप्प होती. घरचा खेळ मी आणि धाकटी बहीण मिळून करू. भूतसंख्या, आण्यांची वही आणि वहिनीच्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेतून काय वाक्य काढायचं यावर आमचं अजून एकमत नाही. बहिणीला दादाची फजिती करायची आहे.

मायक्रोमॅक्रो मोह पाडतोय, पण यंदा एवढंच.

एक विचारायचं राहिलं: पेटीत शेवटी काय ठेवावं? पैसे नकोत, आजी म्हणेल झालाच ना जुगार. आणि कुणाकडे अनलॉकचा खेळून झालेला डबा असेल तर धुळे-अमळनेर भागात बघायला मिळेल का?

पाटणादेवी_पायथा

पेटीत कुल्फीचे पैसे नाही, कुल्फीच्या माणसाला हाक मारायचा हक्क ठेवा. चिठ्ठी पुरते. ज्या वेळेला तो तुमच्या गल्लीत येतो ती बघून खेळ सुरू करा.

देवपूर_धुळे

अनलॉकचा एक डबा आहे माझ्याकडे, तीन कथांचा, सगळा शाबूत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आखाजीआधी अमळनेरला येणं आहेच, देऊन जाईन. परत करताना प्रत्येक कथेची ६० कार्डं मोजून द्या, आणि उत्तरं कार्डांवर पेन्सिलीने लिहू देऊ नका, विशेषतः भाच्याला.